ओझोन : उन्हात शिजणारे विष आणि वस्तीचा हक्क

एप्रिल लागला की सोलापुरात बोलण्याचा विषय एकच असतो, ऊन. पारा ४२ वर गेला, ४४ वर गेला, असे आकडे रोज वर्तमानपत्रात येतात. दुपारी बाहेर पडू नका, पाणी प्या, डोक्याला रुमाल बांधा, असे सगळे सांगतात. ते बरोबरच आहे. पण याच उन्हात, याच दुपारच्या वेळी आपल्या हवेत आणखी एक वस्तू तयार होत असते. ती डोळ्यांना दिसत नाही, तिचा आकडा कोणी छापत नाही आणि तिच्यामुळे दम लागला तर आपण उन्हालाच दोष देऊन मोकळे होतो. तिचे नाव ओझोन.

ओझोन हा केवळ शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतला विषय नाही, तो वस्तीच्या आरोग्याचा आणि कष्टकऱ्याच्या कामाच्या तासांचा विषय आहे, असे आमचे मत आहे. ते का, हे या लेखात मांडत आहोत. थोडे रसायनशास्त्र समजून घ्यावे लागेल. पण आपल्या घरातल्या दहावीच्या मुलीला समजते ते आपल्यालाही समजेल, म्हणून कंटाळा न करता वाचावे आणि जमल्यास घरात मोठ्याने वाचून दाखवावे.

चुलीतला विस्तव, छपरावरचा विस्तव

ओझोन म्हटले की मुलांना शाळेतला धडा आठवतो. आकाशात उंचावर ओझोनचा थर आहे, तो सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो, त्याला जपले पाहिजे. ते खरे आहे. हा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि त्याची आठवण म्हणून १६ सप्टेंबर हा ओझोन दिन पाळला जातो. मग हाच वायू विष कसा?

वायू एकच आहे, जागा वेगळी आहे. विस्तव चुलीत असला तर भाकरी भाजतो, तोच छपरावर पडला तर घर जाळतो. पृथ्वीभोवतीच्या ओझोनपैकी सुमारे ९० टक्के ओझोन उंचावर असतो. तो तिथे राखण करतो. उरलेला खाली, आपण श्वास घेतो त्या हवेत असतो. शहराच्या धुरामुळे हा खालचा ओझोन वाढतो आणि तोच आपल्याला बाधतो.

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या कणात दोन अणू असतात, ओझोनच्या कणात तीन. हा तिसरा अणू सैल असतो. तो जे समोर येईल त्याला जाऊन चिकटतो. याला ऑक्सिडीकरण म्हणतात. लोखंडाला गंज चढतो तेव्हा ऑक्सिडीकरणच होत असते, पण ते हळूहळू होते. ओझोन हे काम झपाट्याने करतो. तो रबराला भेगा पाडतो, कापडाचा रंग फिका करतो, गव्हासारख्या पिकांची पाने खराब करून उत्पन्न घटवतो. मग आपल्या फुप्फुसाच्या नाजूक अस्तराचे तो काय करत असेल, याचा विचार करावा.

धुराड्याविना तयार होणारा वायू

ओझोनची सर्वात फसवी गोष्ट ही की तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर येत नाही. रिक्षा तो सोडत नाही, बॉयलर सोडत नाही. तो हवेतच शिजतो. त्याला दोन प्रकारचा शिधा लागतो आणि जाळ लागतो. जाळ म्हणजे ऊन.

पहिला शिधा म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड. आपल्या हवेत चार भागांपैकी तीन भागांहून अधिक नायट्रोजन असतो. एरवी तो शांत असतो. पण गाडीच्या इंजिनात, कारखान्याच्या बॉयलरमध्ये, वीजकेंद्राच्या भट्टीत उष्णता फार वाढली की तो ऑक्सिजनशी जुळतो. त्यातून नायट्रिक ऑक्साइड आणि पुढे नायट्रोजन डायऑक्साइड हा तपकिरी वायू तयार होतो. या तपकिरी वायूवर ऊन पडले की तो फुटतो आणि ऑक्सिजनचा एक एकटा अणू मोकळा होतो. तो लगेच शेजारच्या ऑक्सिजनला चिकटतो. दोन अधिक एक, तीन. झाला ओझोन.

इतकेच असते तर काळजी नव्हती. कारण मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड हाच ओझोन पुन्हा खाऊन टाकतो. जेवढे आले तेवढे गेले, खाते बरोबर. हे खाते बिघडवतो तो दुसरा शिधा. पेट्रोलची वाफ, थिनर, रंग, छपाईची रसायने, न जळलेले इंधन, कचरा आणि लाकूड जाळल्याचा धूर, या सगळ्यातून निघणाऱ्या कार्बनयुक्त वाफा म्हणजे हा दुसरा शिधा.

इथे हवेतल्या एका सफाई कामगाराची ओळख करून घेतली पाहिजे. त्याचे नाव हायड्रॉक्सिल. एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन मिळून झालेला हा कण सेकंदभरही टिकत नाही. थोडासा ओझोन, ऊन आणि हवेतला ओलावा यांतून तो दिवसभर पुन्हा पुन्हा जन्मतो. पेट्रोलची वाफ असो, कार्बन मोनॉक्साइड असो की मिथेन, तो त्यांच्यावर झडप घालतो आणि त्यांचे तुकडे करत जातो. हा नसता तर कितीतरी विषारी वायू हवेत साचून राहिले असते. जगाची हवा स्वच्छ राखण्याचे मोठे काम हा क्षणभर जगणारा कण करतो.

पण तो वाफा साफ करत असताना मधल्या टप्प्यावर असे कण तयार होतात की ते नायट्रिक ऑक्साइडचे पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड करतात. म्हणजे जो नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाणार होता, तो दुसरीकडेच खर्च होतो. आणि जो तपकिरी वायू उन्हात फुटून नवा ओझोन देणार, तो पुन्हा तयार होऊन बसतो. चाक फिरत राहते आणि ओझोन साचत जातो.

या रसायनशास्त्रात आम्हाला ओळखीची एक गोष्ट दिसते. घाण करतो एक, ती उपसतो दुसरा, आणि दुर्गंधी सुटली की बोट दाखवले जाते उपसणाऱ्याकडे. हायड्रॉक्सिल आपले काम चोख करतो. गुन्हा आहे तो हवेत एवढी घाण सोडणाऱ्यांचा.

लॉस एंजेलिसमध्ये उकललेले कोडे

हे कोडे पहिल्यांदा उलगडले ते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात. १९४० च्या दशकात तिथे भर उन्हात धुके दाटायचे, डोळे चुरचुरायचे, घसा जळायचा. युद्धाचे दिवस होते. १९४३ मध्ये शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी भीतीही लोकांना वाटली. एरी हागेन-श्मिट हा मूळचा हॉलंडचा रसायनशास्त्रज्ञ तिथे अननसाच्या वासावर काम करत होता. तो या हवेकडे वळला. गाड्यांचा धूर आणि पेट्रोलच्या वाफा यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. ओझोन मोजायला तो ताणलेल्या रबराच्या पट्ट्याही वापरत असे. पट्टीला किती लवकर भेगा पडतात, त्यावरून ओझोन किती ते कळे.

तेलकंपन्यांनी त्याच्या म्हणण्यावर शंका घेतल्या. पण पुरावा पक्का होता. पुढे त्या राज्याने गाड्यांच्या धुरावर कडक नियम लावले, पेट्रोलची वाफ पकडायला लावली. नंतरच्या काळात गाड्या वाढल्या तरी तिथला ओझोन पूर्वीपेक्षा खूप खाली आला. याचा अर्थ हे विष नशिबात लिहिलेले नाही. माणसाने केलेले आहे आणि माणसाने ठरवले तर ते कमी होते.

सोलापूरचे सामान

आता आपल्या शहराकडे पाहू. जाळाची तर इथे ददात नाही. मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते. आभाळ निरभ्र असते. ओझोन शिजायला याहून चांगला जाळ कुठे मिळणार?

पहिला शिधाही भरपूर आहे. पुणे-हैदराबादचा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि विजयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ इथे एकमेकांना भेटतात. जड वाहतूक शहरातून जाते, हे तर प्रत्येक सोलापूरकराला माहीत आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात १३२० मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे. अक्कलकोट रस्ता, होटगी रस्ता, चिंचोळी इथे कारखाने आहेत. चादरी-टॉवेलच्या धंद्याबरोबर रंगाईची कामे आणि त्यांचे बॉयलर आहेत. दुसरा शिधा पेट्रोल पंपांवर, गॅरेजमध्ये, रंगकामात, वखारीत आणि जळत्या कचऱ्यात आहे.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे निकष न पाळणारी म्हणून ज्या शहरांची निवड झाली, त्यांत सोलापूर आहे. पण या कार्यक्रमाचे लक्ष्य धूळ आणि सूक्ष्म कण कमी करणे हे आहे. ओझोनसाठी असे लक्ष्य ठेवलेले नाही. रस्ते झाडायची यंत्रे येतात, पाण्याचे फवारे उडतात. धुळीसाठी ते ठीक आहे. ओझोन मात्र झाडूने झाडता येत नाही आणि फवाऱ्याने खाली बसत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात ढगांचा आणि कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग केला. विमाने उडाली, रडार बसले. अवर्षणाच्या या जिल्ह्यात तो प्रयोग हवाच होता. पण ज्या शहरावरच्या ढगांचा एवढा बारीक अभ्यास होऊ शकतो, त्या शहरातल्या बाईला आपल्या दारातली हवा आज दुपारी कशी आहे, हे सोप्या मराठीत कळू नये? ज्ञान आहे, यंत्रे आहेत. ती वस्तीपर्यंत आणायची इच्छा हवी.

आकडा कसा वाचावा

भारतात २००९ पासून ओझोनची मर्यादा ठरलेली आहे. आठ तासांच्या सरासरीला हवेच्या एका घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाला १८०. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ नावाचे मोबाइल ॲप आहे. हातात मोबाइल असलेला वस्तीतला कोणताही मुलगा त्यावर सोलापूरचा हवेचा निर्देशांक पाहू शकतो. पण तो वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली, निर्देशांकात अनेक प्रदूषके मोजली जातात, पण ज्याचा आकडा सर्वात वाईट तोच शहराचा आकडा म्हणून सांगितला जातो. धूळ जास्त असली की ओझोन तिच्यामागे लपतो. म्हणून ओझोनची ओळ वेगळी पाहावी.

दुसरी, वर्दळीच्या चौकात ओझोन बरेचदा कमी दिसतो. तिथे ताजा धूर इतका असतो की त्यातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. तीच हवा वाऱ्याबरोबर पुढे सरकते, वाटेत ऊन खाते, आणि शहराच्या कडेला, गावकुसाबाहेर ओझोन जास्त भरतो. म्हणजे एका चौकातल्या यंत्रावरून साऱ्या शहराचा हिशेब मांडता येत नाही. धूर केला मध्यावर, भोगले कडेच्यांनी, असे होऊ शकते.

तिसरी, वेळ पाहावी. ओझोन सकाळी कमी असतो, ऊन चढेल तसा वाढतो, साधारण बारा ते पाच या वेळात शिगेला पोचतो आणि रात्री उतरतो. पावसाळ्यात ढग आणि समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा यामुळे तो एकूणच कमी होतो.

उपाय सांगणाऱ्यांनाही इथे एक फास आहे. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, आकाश निळे झाले, तरी जगातल्या अनेक शहरांत ओझोन कमी होण्याऐवजी वाढला. कारण ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइड घटला, पण वाफा मात्र राहिल्या. म्हणून एकाच शिध्यावर बोट ठेवून भागत नाही. धूर आणि वाफा दोन्ही एकत्र कमी करावे लागतात. एक फवारा, एक यंत्र, एक फीत कापण्याचा कार्यक्रम, एवढ्याने हे होणारे काम नाही.

शरीरात काय होते

ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. त्यामुळे नाकाच्या ओलसर वाटेत तो अडत नाही, थेट फुप्फुसात खोलवर जातो. तिथे श्वासनलिकांच्या अस्तराला सूज येते. घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो, खोल श्वास घेताना छातीत दुखते, नेहमीच्या कामाला दम लागतो. ज्याला दमा आहे त्याचा दमा उठतो. ज्याला बिडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने फुप्फुसाचा आजार जडला आहे, त्याचा त्रास वाढतो.

लहान मुलांना धोका अधिक, कारण त्यांची फुप्फुसे वाढत असतात आणि वजनाच्या मानाने ती मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा घेतात. म्हाताऱ्या माणसांना धोका आहे. आणि उन्हात अंगमेहनत करणाऱ्याला धोका आहे, कारण ओझे उचलणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत ओढतो.

तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधला की भागले, असे समजू नये. रुमाल मोठी धूळ अडवतो, चांगला मास्क बारीक कण अडवतो. ओझोन वायू आहे, तो साध्या मास्कमधून आरपार जातो.

दम्याच्या पंपाबद्दल वस्तीत एक गैरसमज घट्ट बसला आहे. पंप लागला की आयुष्यभर सुटत नाही, म्हणून नकोच, असे म्हणून माणसे गोळ्या घेत राहतात. खरे असे की पंपातले औषध थोडक्यात आणि थेट फुप्फुसात जाते. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर बरे वाटले म्हणून उन्हाळ्यात तो बंद करू नये. दम्याचे हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, ते सरकारी दवाखान्यात मागण्यात संकोच कशाला? मात्र बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळे पडत असतील, मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील, तर वाट पाहू नये, सिव्हिल गाठावे. आणि अंग तापून माणूस बरळू लागला तर तो उष्माघात असू शकतो, तिथेही एक क्षण दवडू नये.

घरात बसा म्हणजे कुठे बसा?

ओझोन वाढला की जगभर एकच सल्ला देतात, दुपारी घरात राहा, खिडक्या लावून घ्या. बंद घरात ओझोन खरोखरच कमी असतो. पण हा सल्ला ज्याने लिहिला त्याच्या घराला सिमेंटचा स्लॅब आहे आणि थंड हवेचे यंत्र आहे. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी तीन वाजता दार लावून बसून पाहावे. ओझोन टाळायला गेलेला माणूस उष्म्याने आजारी पडेल. आमच्या बायाबापड्या दुपारी दाराबाहेर, लिंबाच्या सावलीला बसतात त्या हौसेने नाही. त्यांच्यासमोर दोनच वाटा आहेत आणि दोन्ही धोक्याच्या आहेत.

सफाई कामगार, बांधकामावरची बाई, हमाल, हातगाडीवाला, रिक्षावाला, यांनी घरात बसायचे तर त्या दिवशी चूल कशी पेटायची? हवेत सर्वात कमी घाण सोडणारा माणूस सर्वात जास्त वेळ त्या हवेत उभा असतो. त्याच्याकडे ना दोन गाड्या, ना थंड यंत्र, ना कारखाना. म्हणून आम्ही म्हणतो की ओझोन हा न्यायाचा प्रश्न आहे.

काही जण म्हणतील, वस्तीत पाणी रोज येत नाही, गटारी तुंबलेल्या आहेत, पोरांना काम नाही, आणि तुम्ही न दिसणाऱ्या वायूचे काय घेऊन बसलात? ही तक्रार खोटी नाही. पण दम लागून ज्या घरातला कमावता माणूस आठवडाभर झोपून राहतो, त्या घराचे पाण्याचे, शाळेचे, भाड्याचे सगळेच प्रश्न त्या आठवड्यात दुप्पट होतात. आरोग्य बाजूला ठेवून बाकीचे प्रश्न सुटत नाहीत.

दुसरे म्हणतील, कारखान्यांवर बंधने आली तर आपल्याच माणसांची कामे जातील. आम्ही कोणताही कारखाना बंद करा असे म्हणत नाही. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्यावर घरोघरी काय झाले ते आपण पाहिले आहे. आमचे मागणे एवढेच की कायदा आहे तो पाळावा. औष्णिक वीजकेंद्रांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये घातली गेली. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ निकष लागू झाले. १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सांगितले की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही.

कचरा कोण जाळतो?

हवेची चर्चा निघाली की बोट पहिल्यांदा वस्तीकडे वळते. हे लोक कचरा जाळतात, चूल पेटवतात. कचरा जाळणे वाईटच आहे. प्लॅस्टिकच्या धुरात ओझोनचा शिधा आहेच, शिवाय त्याहून भयंकर विषेही आहेत. आपल्या दारात ते आपण थांबवले पाहिजे. पण घंटागाडी गल्लीत रोज आली तर कोण कशाला जाळेल? राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला २५ हजार रुपये दंड ठरवला. ५ हजारांची पावती झोपडीवाल्याच्या हातात देणे सोपे असते. कचरा उचलण्याची व्यवस्था ज्यांनी नीट ठेवली नाही, त्यांची पावती कोणी फाडायची?

चुलीचेही तसेच. गॅसची जोडणी मिळाली, पण सिलिंडर भरायला पैसे नसतील तर बाई पुन्हा लाकूडफाट्याकडे वळते. तिच्या फुप्फुसावर चुलीचा धूर आणि बाहेरचा ओझोन असा दुहेरी मार बसतो. तिला उपदेश नको, परवडणारा सिलिंडर हवा.

आपल्या हातात काय आहे

व्यवस्था बदलेपर्यंत स्वतःला जपणेही भाग आहे. मार्च ते जून या काळात मुलांचे मैदानी खेळ, धावणे, भीमजयंतीच्या लेझीमचा सराव सकाळी किंवा सूर्य कलल्यावर ठेवावा. लेझीम चार वाजताही खेळता येते आणि साडेसहालाही खेळता येते, फुप्फुसाला मात्र फरक पडतो. मिरवणुकीच्या ट्रकवरचा डिझेल जनरेटर तासन्‌तास मुलांच्या तोंडासमोर धूर ओकतो, तरुण मंडळांनी त्याचाही विचार करावा.

पेट्रोल शक्यतो संध्याकाळी भरावे, म्हणजे सांडलेल्या वाफेवर ऊन पडत नाही. रंग, थिनर, रॉकेल यांचे डबे घट्ट झाकून ठेवावेत. हवा शुद्ध करण्यासाठी म्हणून ओझोन सोडणारी यंत्रे बाजारात मिळतात, ती माणसे असलेल्या घरात वापरू नयेत. जे विष बाहेर आहे तेच विकत घेऊन घरात आणण्यासारखे ते आहे. पत्र्याला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग दिला तर खोली थोडी थंड राहते, मग दुपारी घरात थांबणे निदान शक्य होते.

आमच्या मागण्या

१. सोलापूरच्या हवेतल्या ओझोनचा आदल्या दिवसाचा सर्वात मोठा आकडा आणि आजचा अंदाज महापालिकेने रोज मराठीत जाहीर करावा. मोजणीची यंत्रे चालू स्थितीत ठेवावीत आणि एक तरी यंत्र शहराच्या कडेच्या वस्तीत बसवावे.

२. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार या वेळात उघड्यावरचे अंगमेहनतीचे काम थांबवावे. सफाईचे कंत्राटी कामगार आणि बांधकाम मजूर यांची मजुरी त्यासाठी कापू नये. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. किती तास हा प्रश्न त्यांनी सोडवला. कोणते तास हा प्रश्न आपल्या पिढीने सोडवायचा आहे.

३. प्रत्येक वस्तीत घंटागाडी रोज यावी. जिथे कचरा जळतो तिथे आधी गाडीची नोंदवही तपासावी.

४. पेट्रोल पंपांवर वाफ पकडण्याची व्यवस्था आहे की नाही, बॉयलरचा धूर मर्यादेत आहे की नाही, याची तपासणी व्हावी आणि अहवाल लोकांना पाहता यावा. न मिळाल्यास २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हातात आहेच.

५. नागरी आरोग्य केंद्रांत दम्याचे पंप उन्हाळ्याआधीच पुरेसे भरून ठेवावेत आणि ते कसे ओढायचे हे नर्सताईंनी शिकवावे.

यातली एकही मागणी अशक्य नाही. २० मार्च १९२७ ला महाडला ओंजळभर पाणी घेतले गेले ते सार्वजनिक वस्तूवर सर्वांचा सारखा हक्क आहे हे सांगण्यासाठी. हवा तर कोणाला तळ्यासारखी अडवता येत नाही. पण ती एकाने नासवायची आणि दुसऱ्याने ओढायची, हीसुद्धा मक्तेदारीच आहे.

सुरुवात लहान असली तरी चालेल. आपल्या विहारात फळा असतो, त्यावर सूचना लिहिल्या जातात. या उन्हाळ्यात वस्तीतल्या शाळकरी मुला-मुलींनी रोज दुपारी ॲपवरचा ओझोनचा आकडा त्या फळ्यावर आणि एका वहीत लिहावा. शेजारी त्या दिवशी वस्तीत किती जणांना दम लागला, किती जण दवाखान्यात गेले, तेही लिहावे. यंत्र बंद असेल तर ‘आज आकडा नाही’ असे लिहावे, तीही नोंदच आहे. तीन महिन्यांनी ती वही घेऊन महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने मिळून महापालिकेत जावे. आपण नोंद ठेवतो आहोत, हे कळले की कागद हलायला लागतात. वही घालायला एक मुलगी आणि दहा रुपये पुरतात.